खाली सगळीकडं एकच खडक

दादा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता आणि ते चहाच्या गाळणीत दगडाचा चुरा धूत होते.

"ती गाळणी आता तिकडंच ठेवा," माय ओट्यावरून म्हणाली. "ह्यातून पुन्हा चहा गाळला तर पोटात बोअर पडंल."

"चहात खडक उतरला तर ताकद येती, नागू," दादा म्हणाले.

दादा म्हणजे माझे वडील, साहेबराव. मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि महिन्यातून एकदा लातूरला घरी यायचे. येताना अर्धापूरची केळी आणायचे. त्या दिवशी दादांचे दोन्ही हात ओले होते, म्हणून सोललेलं केळं त्यांनी नुसतं दातांत धरलं होतं आणि तसंच अर्धवट बोलत होते.

१९८२चा डिसेंबर. ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला होता आणि तेव्हापासून गावात जे काही व्हायचं ते 'जिल्ह्याचं पहिलं' व्हायचं. जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन जानेवारीत माझ्या जुन्या शाळेत भरणार होतं. तिथले मुख्याध्यापक शेषेराव सर यांनी प्रयोगशाळेतला एक कोपरा दादांना दिला होता. दादा शिक्षक नव्हते. सातवी शिकलेले, सरकारी बोअर मशीनवरचे मदतनीस. पण त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं काही आहे, हे सरांना पटलं होतं.

अंगणात गोणपाटावर वीस छोटे ढीग मांडलेले होते. बोअरचं मशीन चालू झालं की हवेच्या दाबानं आतला चुरा वर उडतो. दर दहा फुटांना त्यातला मूठभर बाजूला काढायचा, डावीकडून उजवीकडे ओळीनं ढीग लावायचे, प्रत्येकाजवळ फुटांची चिठ्ठी ठेवायची. हे नमुने ऑफिसला जातात. दादांनी दहा वर्षं हेच काम केलं. बहात्तरच्या दुष्काळात किल्लारीजवळच्या एका शिवारात त्यांनी पहिलं बोअर पाहिलं, दोनशे फुटांचं, तेव्हा ऑफिसच्या नमुन्यांबरोबर स्वतःसाठीही एकेक मूठ घेतली होती. ती दहा वर्षं पिशव्यांत होती. आता ती काचेआड जाणार होती. पाच फूट उंच, बोटभर जाडीची अरुंद लाकडी पेटी, पुढून काच, आत जमिनीत जसे आहेत तसे थर. पेटी सुताराकडे तयार होत होती.

"ही तांबडी बघ," दादांनी मला एका ढिगाशी बसवलं. "वर काळा खडक, खाली काळा खडक, मधी ही. म्हणजे काय झालं? खालचा आगीचा रस थंड झाला. मग लई दिवस काहीच न्हाई. ऊन, पाऊस. त्या दगडाची माती झाली. काही उगवलंही असंल. मग पुन्हा वरून रस आला, अन ती भाजून तांबडी झाली."

"साडेसहा कोटी वर्षं, दादा."

"तू पुस्तकात वाचलंस. मी हातात धरलंय."

पेटीशेजारी लावायची फळी त्यांनी स्वतःच रंगवली होती. पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं. मशीनवर चौघंजण तंबूत राहायचे, आणि पाणी लागेपर्यंत वेळ जात नाही म्हणून जग कसं सुरू झालं यावर भांडायचे. त्या सगळ्या गोष्टी फळीवर होत्या. हैदराबादेकडच्या मिस्त्रीची: देवानं 'होऊ दे' म्हटलं आणि झालं, मग चिखलाचा माणूस घडवला. ड्रायव्हर रेवणप्पांची: काही नव्हतं, आणि 'नव्हतं' म्हणायलाही कोणी नव्हतं. आमची, भगवंत बुद्धांनी सांगितलेली: आधी सगळे जीव उजेडाचे होते आणि हवेत तरंगत होते, मग पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पृथ्वी धरली, एकानं बोटानं चाटून पाहिली, गोड लागली, सगळेच तुटून पडले आणि अंगं जड झाली, मग मी देखणा तू काळा असं सुरू झालं, मग तांदूळ साठवणं, बांध घालणं, चोरी. आणि शेवटी, ज्याबद्दल दादांनी फळीवर फक्त 'एक जुनी गोष्ट' असं लिहिलं होतं ती: एका प्रचंड पुरुषाच्या तोंडातून काही माणसं आली, हातांतून काही, मांड्यांतून काही, पायांतून काही. त्याच्याखाली प्रश्न होता. 'मग पंचशीला कुठून आली?'

पंचशीला म्हणजे मी.

"उत्तर इथं खाली लिवतो," दादा म्हणाले. "मोठ्या अक्षरात. बरं दिसंल ना?"

"दिसेल."

"दादा," मी थोड्या वेळानं म्हटलं, "भगवंतांच्या गोष्टीलाही नमुना नाही. ती पण गोष्टच."

"हाव. कुठं न्हाई म्हणलो? पण ती कोणाला भाईर ठेवत न्हाई. म्हणून गोष्ट म्हणून ठेवली. नमुना पेटीत हाय."

त्यांनी ब्रश घेतला आणि गुडघ्यावर बसून उत्तर लिहायला घेतलं. 'जिथून सगळे आले तिथूनच. कुठंही बोअर घ्या सर, खाली सगळीकडं एकच खडक.' माझी चारची बस होती. मी अक्षरं वाळेपर्यंत थांबले. दादा मला स्टँडवर सोडायला आले, खिडकीशी उभे राहून म्हणाले, "जानेवारीत रजा टाक. दोन दिवस." मी हो म्हटलं.

सोमवारी साडेअकराला ग्रंथालयात फोन आला. दादा पेटी आणायला सुताराकडे गेले होते. पेटी उचलण्याआधी, दुकानातल्या बाकावर, ते गेले. छप्पन्न वर्षांचे होते.

*

ते उत्तर मी कधी दिलंच नव्हतं.

बहात्तर साली मी नववीत होते, वसतिगृहात राहायचे. विहिरी आटल्या होत्या, आठवड्यातून दोनदा अंघोळ. शेषेराव सर तेव्हा आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि चांगलं शिकवायचे. जीवसृष्टीच्या उगमाचा धडा त्यांनी त्या जुन्या गोष्टीनं सुरू केला. हसत हसत बाकांमधून फिरत होते. "तू तोंडातून. तू हातांतून. तुम्ही दोघं मांडीतून." मुलं खिदळत होती. माझ्यापाशी येऊन ते थांबले. "आणि पंचशीला? तू सांग. तू कुठून आलीस?"

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं ती गोष्ट मोडून ते खरा धडा सांगणार होते. पण वर्ग हसला. मी उभी राहिले. बाकाच्या फळीत तीन खिळे होते, त्यांतला एक वाकलेला. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी जीवाश्मांपासून सुरुवात केली. ती गोष्ट मोडायची राहून गेली.

त्याच संध्याकाळी दादा मशीनचं डिझेल न्यायला लातूरला आले होते. वसतिगृहाच्या फाटकाशी आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. आज काय शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सरांचा प्रश्न सांगितला. दादांचा शेंग फोडणारा हात थांबला.

"मंग? तू काय म्हणलीस?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उत्तर तयार झालं. ते त्यांच्याचसाठी होतं, त्यांच्या मशीनसकट. जिथून सगळे आले तिथूनच, सर. कुठंही बोअर घ्या, खाली सगळीकडं एकच खडक.

दादा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग रुमालानं डोळे पुसून म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

दहा वर्षं ते हे उत्तर घेऊन गावोगाव फिरले. मी मोठी झाले, पुस्तकांत बुडाले. जगाच्या सुरुवातीच्या गोष्टी मी ग्रंथालयात शोधून शोधून वाचल्या. कुठं अंड्यातून जग निघतं, कुठं पाण्यातून टेकडी वर येते, कुठं देव मेलेल्या राक्षसिणीचं अंग चिरून आकाश करतात. वाचता वाचता एक लक्षात आलं होतं. गोष्ट सांगणारा स्वतःला बहुधा मध्यावर ठेवतो आणि नकोशा माणसांना कडेला. दादांशी मी यावर तासन्‌तास बोलायचे. फक्त ती एक गोष्ट बोलले नाही. पंधराव्या वर्षी भीती वाटायची. विसाव्या वर्षी वाटायचं, आता काय सांगायचं. चोविसाव्या वर्षी ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसून ती ओळ रंगवत होते, आणि मी 'दिसेल' म्हटलं.

*

वंदना झाली, पाहुणे गेले. आठव्या दिवशी मी सुताराकडून पेटी आणली. दादांचे ढीग मायनं कागदांच्या पुड्यांत बांधून ठेवले होते, चिठ्ठीसकट. "कुत्रं येऊन तुडवंल," एवढंच ती म्हणाली होती.

मी पेटी आडवी न ठेवता उभीच ठेवली, वरून नरसाळं लावलं, आणि दादांनी जशी ओळ लावली असती तशा पुड्या लावल्या. दहा फूट, वीस फूट, तीस फूट. एकेक पुडी ओतत गेले. काचेआड थर चढत होता. दुपारपर्यंत पेटी भरली. पहिल्यांदाच त्या आठ दिवसांत मला बरं वाटत होतं.

रेवणप्पा काका त्याच वेळी आले. उदगीरकडचे, लिंगायत, साठीचे. दहा वर्षं दादांबरोबर तंबूत झोपलेले. मायला भेटले, डोळे पुसले, अंगणात आले आणि पेटीसमोर उभे राहिले. मग त्यांच्या तोंडातून हसू फुटलं आणि ते आवरायला त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला.

"अय्यो, अक्का! दुनिया उलटी भरलीस की!"

मी पाहिलं. सगळ्यात तळाला काळी माती होती. सगळ्यात वर, पेटीच्या तोंडाशी, दोनशे फुटांवरचा खडक. बोअरमधून आधी वरचं निघतं, पण पेटीत आधी ओतलेलं तळाला जातं. हे मला सुचलंच नव्हतं.

"पुस्तकं वाचून असं होतंय," काका म्हणाले. "साहेबराव असता तर लोळला असता हसून. ये, धर."

आम्ही दोघांनी पेटी आडवी केली, काच काढली आणि चमच्या-चमच्यानं थर काढून पुन्हा पुड्या बांधल्या. त्याला दोन तास लागले. काका बोलत होते.

"हर गावात साहेबराव तुझी गोष्ट सांगायचा. पाणी लागो, न लागो. सरपंच चहा घेऊन आला की ह्याचं सुरू. 'माझ्या पोरीनं भर वर्गात सांगितलं.' एकशे चाळीस बोअर घेतले आम्ही. एकशे चाळीस बारी ऐकली मी ती गोष्ट."

"तीच?"

"तीच कशी राहील! पयल्या साली तू नुसती उभी होतीस. दोन सालांनी बाकावर चढलीस. पुढं पुढं तर शेषेराव सर खुर्चीत बसून राहिले अन सारा वर्ग टाळ्या वाजवून राहिला." त्यांनी तांबडीची पुडी बांधून बाजूला ठेवली. "देगलूरला मात्र फसला. तिकडं आपला काळा खडक संपतोय. ठिपक्याठिपक्याचा दुसराच दगड वर आला. मी म्हणलो, काय साहेबराव, आता पोरीचं काय? एकच खडक कुठाय? दिवसभर गप्प. जेवला नाही. अन संध्याकाळी म्हणतो कसा: 'पोर बरोबर हाय, रेवण. खडक चुकला.'"

काका हसत होते आणि मधेच ते हसणं थांबलं. मी पुडीची गाठ मारत राहिले. त्यांना सांगावं असं वाटलं होतं. पण एकशे चाळीस वेळा ऐकलेल्या माणसाला अंगणात बसून ते सांगणं मला जमलं नाही. दादांना आतून माहीत असेल, असंही मी स्वतःला पटवू शकले असते. तसा काही पुरावा नव्हता. जेवण सोडण्याइतका त्यांचा त्या उत्तरावर विश्वास होता.

दुसऱ्यांदा आम्ही खालून भरलं. दोनशेची पुडी आधी.

*

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी शेषेराव सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर मांडणीचा नकाशा होता. त्यांनी दादांबद्दल मनापासून चार शब्द सांगितले. मग चष्मा काढला.

"पेटी उत्तम. फळीवरच्या मिस्त्रीच्या गोष्टी, ड्रायव्हरच्या गोष्टी, सगळं छान. फक्त ती एक… शरीराची गोष्ट आणि त्याखालचा प्रश्न. तेवढं झाकू या."

"का, सर?"

"अगं, नव्या जिल्ह्याचं पहिलं प्रदर्शन. मोठे साहेब येणार. चार लोक म्हणतील विज्ञानात जात आणली. आपल्याला कशाला?"

"आणि उत्तर?"

"उत्तर ठेवायचं! उलट वर घेऊ, दारावर. सुविचारासारखं. 'खाली सगळीकडं एकच खडक.' वा!" ते पुढं झुकले. "मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, पंचशीला. तू उठलीस आणि बोललीस. वर्ग स्तब्ध. साहेबराव दरवर्षी भेटला की आठवण काढायचा. मी म्हणायचो, आठवतं म्हणजे काय!"

मी सरांकडे पाहत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. दादांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते सरांनाही आठवू लागलं होतं. जे खरंच घडलं ते मात्र, त्यांचं बाकांमधून फिरणं आणि माझ्यापाशी थांबणं, त्यांना झाकायचं होतं.

"प्रश्न राहील, सर," मी म्हणाले. "नाहीतर पेटी मी घरी नेते."

"हट्ट करू नकोस."

"दादांची फळी आहे. प्रश्न त्यांनी लिहिलाय."

सरांनी नकाशावर पेन्सिल आपटली. "बरं. ठेव. पण उत्तर ठळक पाहिजे. उत्तर समोर असलं की प्रश्न टोचत नाही. आणि उद्घाटनाला तू स्वतः दोन शब्द बोलायचं. तेव्हा बोललीस तसंच."

"बोलते," मी म्हणाले.

त्या क्षणी मी ठरवलं होतं. घरी जाताना बाजारातून मी पांढऱ्या रंगाचा लहान डबा घेतला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फळी ओसरीत भिंतीला टेकवलेली होती. दुपारच्या उन्हात दादांची निळी अक्षरं चमकत होती. 'खडक'मधला ख त्यांनी नेहमीसारखा मोठा काढला होता. मी तळाशी बसले, दादा बसले होते तशीच, आणि पहिल्या शब्दावर ब्रश ठेवला. पहिल्या हातानंतर अक्षरं तशीच दिसत होती. ते वाळायची वाट पाहिली आणि दुसरा हात दिला.

माय दारात येऊन उभी होती. किती वेळ ते माहीत नाही.

"त्यांच्या हातची अक्षरं हायत ती, शीले."

"माहीत आहे, माय."

"मंग कामून पुसून राहिलीस? आपल्याकडं त्यांचं काय उरलंय दुसरं?"

मी ब्रश खाली ठेवला. तिचा आवाज वर गेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. "ते बरोबर नव्हतं," मी म्हणाले. "उद्या शाळेत ये. तिथं सांगते. एकदाच सांगता येईल मला."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतून कपबशीचा आवाज आला आणि तिनं चहा माझ्याशेजारी ठेवला. मी तिसरा हात दिला. मग तिथं फक्त पांढरं राहिलं.

*

प्रयोगशाळेत माणसं मावत नव्हती. जिल्ह्याचे मोठे साहेब, शिक्षणखात्याची मंडळी, शाळांची मुलं. रेवणप्पा काका स्वच्छ धोतर नेसून पेटीशेजारी असे उभे होते की तीच त्यांची गाडी. मुलं काचेला नाक लावून विचारत होती, हे तांबडं काय आहे, आणि काका सांगत होते, आग दमली ना, तिची विश्रांती हाय ती. माय मागच्या भिंतीशी होती.

शेषेराव सरांनी फीत कापून घेतली आणि साहेबांना थेट आमच्या कोपऱ्यात आणलं. साहेबराव नावाच्या एका साध्या कामगारानं दहा वर्षं जपलेले हे नमुने, असं त्यांनी सांगितलं. "आणि साहेब, यामागची खरी प्रेरणा इथं आहे. ही पंचशीला. बहात्तर साली याच शाळेत, माझ्याच वर्गात, हिनं एका प्रश्नाचं जे उत्तर दिलं…" त्यांनी हात फळीच्या तळाकडे नेला. तिथं पांढरं होतं. त्यांचा हात हवेत राहिला. "ते… ते हिच्याच तोंडून ऐकू या."

साहेबांनी फळी वरपासून वाचली. प्रश्नापाशी थांबले आणि माझ्याकडे वळले. काकांच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं. एकशे एकेचाळिसावी वेळ, आणि या वेळी खुद्द माझ्या तोंडून.

"प्रश्न खरा आहे," मी म्हणाले. "तो मला याच शाळेत विचारला गेला होता. वर्ग हसला होता. उत्तर मी दिलं नव्हतं."

"पंचशीला," सर हळूच म्हणाले.

"नाही, सर. मी उभी राहिले आणि घंटा होईपर्यंत बाकाकडे बघत होते. एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी दादांनी विचारलं तेव्हा त्यांना खोटं सांगितलं. ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. त्यांच्या उत्तराची ओळ मी पुसली, कारण ती कधी बोललीच गेली नव्हती." मी काकांकडे पाहिलं नाही. मागच्या भिंतीकडे पाहिलं. "दादा, मी काहीच बोलले नव्हते."

मायनं पदर तोंडाशी धरला होता, पण तिची नजर माझ्यावरून ढळली नव्हती. शेषेराव सरांनी चष्मा काढला. ते आता खूप म्हातारे दिसत होते. दहा वर्षांपूर्वीचा तास त्यांना आठवत असावा, या वेळी खरा. मोठे साहेब काहीतरी बोलणार होते. सरांनी हात किंचित वर करून त्यांना थांबवलं.

"मी विचारलं होतं," सर म्हणाले. "हो. विचारलं होतं मी." मग म्हणाले, "धडा पुढं सांगायचा होता. राहिला. आता सांगशील?"

मी सरळ उभी राहिले.

"सर, मी कोणाच्या अंगातून आले नाही आणि कोणाच्या अंगाबाहेर उरलेही नाही. पहिले जीव पाण्यात झाले. त्यांना तोंड नव्हतं, हात नव्हते, पाय नव्हते. त्यांच्यापासून गवत झालं, मासे झाले, तुम्ही झालात, मी झाले, आणि ज्यांनी त्या पुरुषाची गोष्ट रचली तेही झाले. माझ्या वडिलांनी एकशे चाळीस जागी जमिनीत खाली पाहिलं. माती सापडली, तांबडी सापडली, दोन तऱ्हेचे खडक सापडले, कुठं पाणी लागलं, कुठं नाही. कोणाचे पाय कुठंच सापडले नाहीत. खडकाचं सोडलं तर हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं, सर. मी घाबरले होते."